पायडल मारलं की कटकट! वाचकांचे सायकलप्रश्न

मागच्या अंकात चेनबद्दल लिहिलं आणि त्यावर जे प्रश्न आले त्यातले निम्मे चेनचे नव्हतेच, सगळ्यांचं म्हणणं एकच, "खालून आवाज येतो." खालून म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या मध्ये, जिथे फ्रेमच्या नळ्या एकत्र येतात तिथून. तिथे छर्ऱ्यांवर दांडे फिरवणारा जो भाग असतो त्याला कुणी बीबी (बॉटम ब्रॅकेट) म्हणतं, कुणी एक्सल, आमच्या गल्लीत नुसतंच 'मधला छर्रा' म्हणायचे. गणपती आटोपले, पाऊस जरा उघडला की आपल्याकडे सायकली बाहेर निघतात आणि दरवर्षी हेच रडगाणं सुरू होतं, म्हणून यावेळी फक्त हाच विषय घेतोय.

रत्नागिरीहून एक वाचक: दादा, गिअरची सायकल आहे, 4 वर्षं झाली, रोज भाट्ये पुलावरून ऑफिसला जातो. उजवा पाय खाली आला की 'कट्' असा आवाज. दुकानात नेली, ते म्हणाले बीबी गेला, बदलून घेतला. आठ दिवसांत आवाज परत हजर. नवा बीबीपण खराब निघाला का?

नवा बीबी आठ दिवसांत जात नाही हो. मला वाटतं तुमचा जुना पण गेलेला नव्हता. हे फार होतं, आवाज खालून आल्यासारखा वाटतो कारण फ्रेम पोकळ आहे, ढोलकीसारखी, सीटच्या खांबात झालेला आवाज पण पायाखालीच ऐकू येतो. त्यामुळे काहीही खोलायच्या आधी दहा मिनिटं तपासणीला द्या.

चढावर सीटवरून उठून उभ्याने पायडल मारा. आवाज गेला? मग सीटपोस्ट काढा, पुसा, ग्रीस लावून परत बसवा, काम संपलं. नाही गेला तर एका पायाने मारून बघा, आधी डावा मग उजवा. फक्त उजव्या पायाला येत असेल तर दुसऱ्या सायकलची पायडल काढून तात्पुरती लावा, बऱ्याचदा पायडलच्या आतले छर्रे वाजत असतात किंवा पायडलची चुडी, म्हणजे आटे, कोरडी असते. चेनव्हील, म्हणजे पुढचं दातेरी चाक, दांड्याला ज्या चार-पाच बोल्टांनी धरलेलं असतं ते बोल्ट कधी कुणी हात न लावलेले असतात, ते आवळा. आणि पायडल न मारता नुसती सायकल उतारावर सोडली तरी आवाज येत असेल तर मधल्या छर्ऱ्यांचा काही संबंधच नाही, चाकांकडे बघा.

आता बीबीची खरी परीक्षा. सायकल भिंतीला टेकवा, एका हाताने दांडा धरा आणि आडवा हलवा, म्हणजे फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर. खुळखुळ जाणवली तर दुसऱ्या बाजूच्या दांड्याकडे बघा. तोही बरोबरच हलतोय तर आतलं बेअरिंग ढिलं आहे. एकटा एकच दांडा हलतोय तर बेअरिंगचा दोष नाही, दांड्याचा बोल्ट सैल आहे. हा फरक लक्षात ठेवा कारण याच्यात पैसे वाचतात. मग चेन चेनव्हीलवरून उतरवून ठेवा आणि दांडे हळूच फिरवा, दुसरा हात सीटखालच्या नळीवर ठेवून. चांगलं बेअरिंग असेल तर हाताला काहीच कळत नाही. गेलेलं असेल तर जात्यात वाळू पडल्यासारखं लागतं, बोटांना स्पष्ट कळतं, कानाला नाही कळलं तरी.

हे सगळं ठीक निघालं आणि तरी आवाज येतोय तर माझा संशय असा की बसवणाऱ्याने बीबी कोरडाच बसवला. बीबीच्या चुडीला ग्रीस नसेल तर जोर पडला की तिथूनच कटकट येते आणि लोक बेअरिंगवर बेअरिंग बदलत बसतात. काढून, चुडी दोन्ही बाजूंनी ब्रशने साफ करून, बोटभर ग्रीस लावून तोच बीबी परत बसवायला सांगा. दांड्याचा बोल्ट मात्र नीट आवळलेला हवा, चौकोनी एक्सलला साधारण 40 न्यूटन मीटर म्हणजे वीतभर लांबीच्या पान्यावर 20 किलोचा जोर. सैल दांड्यावर चार दिवस जरी सायकल चालवली तर अॅल्युमिनियमचं चौकोनी भोक आतून गोल होतं आणि मग कितीही आवळा, दांडा बदलल्याशिवाय गत्यंतर नाही.

देवगडहून एक काका: वडिलांची 22 इंची काळी सायकल आहे, माझ्या शाळेपासूनची, कॉटरवाली. पायडल मारताना दोन ठिकाणी अडकल्यासारखं होतं. इथले सायकलवाले म्हणतात टाकून द्या, नवीन घ्या. मला टाकायची नाहीये. घरी करता येईल का?

काका, टाकू नका. या सायकलींची एक गोष्ट मला आवडते, त्यातलं सगळं खोलता येतं आणि खोलून बघितलं की कळतं. आजकाल बंद डबा मिळतो, गेला की फेकायचा.

पहिली अडचण कॉटरची. दांडा आणि एक्सल यांना धरणारी ती बोटाच्या पेराएवढी पिन, एका बाजूने सपाट घासलेली. लोक काय करतात, नट काढून टाकतात आणि छोट्या हातोडीने टुक टुक मारत बसतात. त्याने पिनचं टोक पसरतं, वाकतं आणि मग ती ना पुढे जात ना मागे. नट पूर्ण काढायचा नाही, पिनच्या टोकाच्या बरोबरीने येईपर्यंत सोडायचा, म्हणजे चुडी वाचते. मग दांड्याखाली, पिनच्या डोक्याच्या बाजूने, लोखंडी पाइपचा तुकडा उभा करा, खाली जांभा दगड किंवा फरशी. पिनचं डोकं पाइपच्या पोकळीत गेलं पाहिजे. आता जड हातोडा घ्या आणि एकच घाव, मनापासून. आधार नसेल तर तो घाव छर्ऱ्यांना बसतो आणि दुरुस्त करायला निघालेलं बेअरिंग आपणच फोडतो. कुणाकडे मोठा वाइस असेल तर त्यात दाबून काढलेलं सगळ्यात उत्तम, आवाज पण नाही. आदल्या रात्री थोडं डिझेल सोडून ठेवा, मदत होते.

डाव्या बाजूची दातेरी लॉकरिंग (कप धरून ठेवणारी कडी) सोडवा, मग डावा कप, म्हणजे छर्रे ज्यात बसतात ती वाटी. खाली जुनी चादर अंथरा, नाहीतर छर्रे घरभर. आतून जे निघेल ते बघून घाबरू नका, काळं घट्ट ग्रीस, त्यात आपली लाल माती, मध्येच गंजाचे पापुद्रे. मी एका अशाच सायकलीतून एकदा अक्षरशः मुंग्यांचं घर काढलंय. हे सगळं छर्ऱ्यांसकट करवंटीत टाकायचं, वर रॉकेल नाहीतर डिझेल, आणि करवंटी हाताने फिरवत राहायची, आमचा मामा चिपळूणला दुकानात तसंच करायचा. छर्रे एकमेकांवर घासून स्वतःच स्वच्छ होतात. करवंटी नंतर चुलीत नाहीतर बंबात, पण रॉकेल निथळल्यावरच टाका.

मग एक्सल पुसून उन्हात धरा. छर्रे जिथे फिरतात तिथे दोन चकचकीत पट्टे दिसतील. त्यावरून नख फिरवा. नख सरळ गेलं तर एक्सल ठीक. नख अडकलं, खड्डे दिसले, देवीच्या व्रणांसारखे, तर तुमची ती दोन ठिकाणची अडकण तिथेच आहे, कारण जोर नेहमी त्याच जागी पडतो. खड्डा पडलेला एक्सल घासून नीट होत नाही, बदलायचाच. कपातपण असंच बघा. उजवा कप फ्रेममध्येच राहू द्या, टॉर्च मारून फडक्याने पुसून बघा, चांगला असेल तर काढायच्या भानगडीत पडू नका. छर्रे मात्र सगळेच्या सगळे नवीन, जुन्यात नवीन मिसळायचे नाहीत, झिजलेले छर्रे कणभर लहान झालेले असतात आणि सगळा भार मग नव्यांवर येतो. पाव इंची छर्रे मागा, एका बाजूला 11, दोन्हीकडचे मिळून 22. काही सायकलींत छर्रे पिंजऱ्यात बसवलेले असतात, तेव्हा संख्या कमी असते, पिंजरा काढून सुटे 11 घातलेले मला जास्त बरे वाटतात. 11 बसल्यावर थोडी फट उरली पाहिजे, ती बघून बारावा कोंबायचा मोह होतो, कोंबू नका.

कपात ग्रीस सढळ हाताने भरा, छर्रे त्यातच चिकटून बसतात. एक्सलची लांब बाजू चेनकडे. डावा कप हाताने आत फिरवत जा, खुळखुळ थांबली की थांबा, मग कप पान्याने जागच्या जागी धरून लॉकरिंग आवळा. लॉकरिंग आवळताना कप थोडा हलतोच, म्हणून पहिल्या फटक्यात कधीच जमत नाही, तीन-चार वेळा करावं लागतं, मला अजूनही लागतं. एक्सल दोन बोटांनी फिरवला की लोण्यासारखा फिरला पाहिजे आणि तरी आडवा हलता कामा नये.

कॉटर नवीन घाला, चहा-वड्याच्या पैशात येतात. दोन्ही दांड्यांच्या कॉटर उलटसुलट दिशेने जातात, एका दांड्याचा नट वर दिसत असेल तर दुसऱ्याचा खाली दिसायला हवा. एकाच दिशेने घातल्या तर दांडे एका रेषेत येत नाहीत आणि सायकल लंगडी चालते. कॉटर पुरेशी पुढे येत नसेल तर तिच्या सपाट बाजूला कानस मारा, पण समान मारा. आणि पहिल्या 30-40 किलोमीटरनंतर नट परत आवळा, तोपर्यंत कॉटर बसते आणि ढिली होते.

हे सगळं करायला पहिल्यांदा पूर्ण दुपार जाईल. जाऊ दे.

श्रीवर्धनहून: बीबी बदलायचा आहे, योग्य तो दातेरी पाना विकत आणला, उजव्या बाजूचा कप सुटत नाही. पाइप लावून तीन जणांनी जोर लावला. काय करू?

आधी थांबा. तिघं मिळून तुम्ही तो आवळताय.

आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या सायकलींना उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूच्या कपाला उलटी चुडी असते. ती घड्याळाच्या दिशेने फिरवली की सुटते. डाव्या बाजूला नेहमीसारखी सरळ. लक्षात ठेवायला माझी युक्ती, सायकल सरळ उभी असताना पान्याचा दांडा पुढच्या चाकाकडे धरा आणि खाली दाबा, दोन्ही बाजूंना सुटणार. वर ओढलं की दोन्हीकडे आवळणार. सायकल उलटी ठेवली असेल तर मात्र हे सगळं उलटं, तेव्हा गोंधळ नको, उभीच ठेवा.

असं उलटं का केलंय असं पत्रात शेवटी विचारलंय ते छान केलंत. एक पेन मुठीत सैल धरा आणि दुसऱ्या हाताने त्याचं वरचं टोक गोल गोल फिरवा. पेन स्वतःभोवती उलट्या दिशेने फिरताना दिसेल. बेअरिंगवर तसाच फिरता भार पडत असतो आणि त्यामुळे कप पायडलच्या उलट दिशेने कणाकणाने सरकू बघतो. उजवीकडे सरळ चुडी असती तर चालवता चालवता कप सुटत गेला असता. इटालियन फ्रेममध्ये दोन्हीकडे सरळ चुडी असते आणि तिथला उजवा कप सुटण्यासाठी बदनामच आहे.

तुमच्याकडे किती आवळला गेलाय माहीत नाही, पण डिझेल सोडून रात्रभर ठेवा, पाना कपात पूर्ण बसलाय आणि सटकू नये म्हणून बोल्टने दाबून धरलाय ना ते बघा, मग योग्य दिशेने एकट्याने दाबा. तिघं नको. आणि दांडा काढताना जो ओढणारा स्क्रू वापरतो तो दांड्याच्या चुडीत शेवटपर्यंत फिरवून मगच ओढा, मी स्वतः एकदा घाईत दोनच फेरे दिले, चुडी सगळी ओरबाडून बाहेर आली आणि दांडा एक्सलला चिकटलेलाच राहिला. शेवटी बोल्ट काढून, सैल दांड्यानेच गावभर चालवून तो सुटवला. अर्थात तो दांडा मेला.

गुहागरहून एक ताई: ओहोटीला मी रोज सकाळी किनाऱ्यावरून सायकल चालवते, ओली वाळू कडक असते, मजा येते. पण एकाच सीझनमध्ये बीबी संपला. सीलबंद बेअरिंग होतं, तरी. सील असून पाणी कसं गेलं?

ताई, गुहागरची ती वाळू माहितीये, नाही म्हणवत नाही. पण सील म्हणजे रबराची ओठासारखी कड, ती धूळ अडवते, खारं पाणी चाकाने उडवून रोज मारलं तर कुठवर अडवणार? आणि मीठ एकदा आत गेलं की ते वाळत नाही, आपल्याकडच्या हवेत तर मिठाच्या बरणीसारखं सतत ओलसर राहतं आणि छर्रे आतून गंजत जातात, सायकल घरात उभी असली तरी.

दुसरं, पाणी फक्त खालून जात नाही, हे फार कमी लोकांना माहीत असतं. पाऊस सीटच्या खांबाजवळच्या फटीतून नळीत शिरतो आणि सरळ खाली बीबीच्या डब्यात, म्हणजे फ्रेमच्या ज्या आडव्या नळीत बीबी बसतो तिथे, येऊन साठतो. सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा, पावसाळ्यात वाटीभर पाणी सहज निघतं. फ्रेमच्या तळाला बीबीखाली एक बारीक भोक असतं, चिखलाने बुजलेलं असेल तर टाचणीने मोकळं करा. 2021 च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आमच्या नात्यातल्या दोन सायकली बुडाल्या होत्या. वरून धुऊन पुसून लख्ख केल्या, दिवाळीला बघतो तर दांडे हलेनात, आतला गाळ तसाच होता.

तर करायचं काय? किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पण तांब्याने नाहीतर नळीने हळूच, सर्व्हिसिंग सेंटरच्या जेटने अजिबात नाही, तो जेट सील ओलांडून पाणी आत कोंबतो. सीटच्या फटीवर जुन्या ट्यूबचा तुकडा रिंगसारखा चढवा. नवीन बीबी घेताना जुना बरोबर न्या, त्यावर 68 आणि पुढे 113 किंवा 122.5 असे आकडे छापलेले असतात, पहिला फ्रेमच्या डब्याची रुंदी, दुसरा एक्सलची लांबी, दोन्ही तेच हवेत नाहीतर चेन वाकडी पळते. ग्रीस साधं चालेल, पण बंदरावर बोटींचं सामान मिळतं तिथे पाण्यात न धुपणारं ग्रीस मागून बघा, माझा अनुभव आपल्याकडे त्याचाच चांगला आहे. सिरॅमिक बेअरिंगच्या नादी लागू नका, छर्रे गंजणार नाहीत पण ते ज्यावर फिरतात ती रिंग बहुतेक स्टीलचीच असते.

आणि खरं सांगायचं तर रोज किनाऱ्यावर चालवणार असाल तर दर सीझनला एक बीबी हा खर्च धरूनच चाला, होडीला दरवर्षी रंग लागतोच ना.

वेंगुर्ल्याहून: ग्रीसऐवजी खोबरेल तेल घातलं तर चालेल का? घरचं आहे.

केसांना लावा! खोबरेल पातळ असल्याने आठवड्यात वाहून जातं, राहिलेलं थंडीत 24 अंशांच्या खाली गोठतं. स्प्रेचंही तेच, डब्ल्यूडी-40 सारखा स्प्रे पाणी हटवायला बनवलेला आहे, नावातच ते आहे, बेअरिंगवर मारलात तर असलेलं ग्रीसपण धुऊन काढेल.

दापोलीहून एक वाचक: माझ्या रोड बाइकला बाहेर कप असलेला बीबी आहे, जाड पोकळ एक्सलवाला. दोन वर्षांत तिसरा बीबी. मी स्वतः बसवतो, सगळं घट्ट आवळतो. तरी 5-6 महिन्यांत खरखर.

सगळं घट्ट आवळता तिथेच गडबड आहे. या प्रकारात 24 मिलीमीटरचा एक्सल उजव्या दांड्याला जोडलेला असतो, डावा दांडा त्यावर चढतो आणि टोकाला एक प्लास्टिकचं झाकण असतं. ते झाकण बोटांनी फिरवायचं असतं. त्याचं काम दांडा धरून ठेवणं नाही, फक्त आडवी खुळखुळ घालवणं, कंपनी त्याला दीड न्यूटन मीटरच्या आतच सांगते. तुम्ही ते जोर लावून आवळता, मग दोन्ही बेअरिंग कायम आडवी दाबलेली राहतात आणि ती तशा भारासाठी केलेलीच नाहीत.

म्हणजे क्रम असा, झाकण बोटांनी, खुळखुळ गेली की बस. मग डाव्या दांड्याचे दोन बोल्ट आलटून पालटून, थोडं हा थोडा तो, 12 ते 14 न्यूटन मीटरपर्यंत. दांड्याला धरून ठेवतात ते हे. मधली ती छोटी पट्टी, जिची पिन एक्सलच्या भोकात बसते, ती खाली दाबायला विसरू नका. कप मात्र खरोखर घट्ट हवेत, 35 ते 50, आणि चुडीला ग्रीस. एवढं करूनही लवकर जात असेल तर फ्रेमच्या डब्याच्या दोन कडा समांतर आहेत का ते एखाद्या चांगल्या दुकानात मशीनवर तपासून घ्या, वाकड्या कडांवर बसवलेले दोन कप एकमेकांकडे तिरके बघतात.

आणि आत्ता काढलेला तिसरा बीबी लगेच फेकू नका. ब्लेडच्या टोकाने वरचं रबरी झाकण अलगद उचला, कडेने, मध्ये खुपसू नका. डिझेलने धुवा, दिवसभर उन्हात ठेवा, ग्रीस भरून झाकण परत दाबा. खरखर थोडी उरेलच, पण नवीन कुरियरने येईपर्यंत आसूदच्या चढावर नक्की काम देईल.